स्कोपवर करंट साफ दिसत होता अन् आयजीबीटी जळत होता: वरुडच्या एका सोलर पंपाची केस

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी एक काका सोलर पंपाचा कंट्रोलर मोटरसायकलच्या मागच्या सीटवर दोरीनं बांधून घेऊन आले, अन् दुकानात पाय ठेवायच्या आधीच म्हणाले, "भाऊ, हे तिसऱ्यांदा जयालं. आता मले खरं सांगजा, याच्यात जीव हाये का नाई?"

त्यांचं वावर वरुड तालुक्यात, संत्र्याची बाग, आंबिया बहार धरलेला. ज्यांना बागेचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, डिसेंबर-जानेवारीत झाडाला ताण देतात म्हणजे पाणी तोडतात, मग पाणी सोडलं की फुलं लागतात, अन् एप्रिल-मे मध्ये झाडावर बारीक फळ असतं तेव्हा पाणी चुकलं की खाली फळांचा सडा पडतो. त्यात या भागात बोर खोल गेलेले, विहिरी मार्चमध्येच तळ दाखवतात. म्हणजे कंट्रोलर बंद पडला तर काकांकडे दुसरा उपाय रात्रीच्या लाईनवर शेजाऱ्याच्या बोरचं पाणी मागणं एवढाच. मशीन खाजगी घेतलेलं, वॉरंटी संपलेली, त्यामुळे जे करायचं ते आम्हालाच करायचं होतं.

ही केस सविस्तर लिहून राहिलो कारण आम्ही दोन-तीन दिवस चुकीच्या जागी शोधत होतो, अन् त्याचं कारण कंट्रोलरमध्ये नव्हतं, आमच्या करंट प्रोबमध्ये, म्हणजे तारेतला करंट स्कोपवर दाखवणाऱ्या साधनात होतं. आपल्याकडं आता प्रत्येक तालुक्यात दोन-चार पोरं तरी हे कंट्रोलर अन् व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) रिपेअर करतात, २०१९ ला केंद्राची कुसुम योजना आली, २०२४ पासून राज्याची मागेल त्याला सौर कृषी पंप योजना सुरू झाली, मशीनं भरपूर झाली, स्वस्त स्कोप (ऑसिलोस्कोप, सिग्नलची रेषा स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) पण सगळ्यांकडे आले. करंट प्रोब घेताना मात्र सगळे फक्त "किती अँपियर?" एवढंच विचारतात. मी पण तेच विचारलं होतं.

आधी मशीन काय होतं ते. साडेसात एचपीचा सबमर्सिबल, ३४० वॅटचे २० पॅनल, १०-१० च्या दोन स्ट्रिंग. उघड्या सर्किटला ४६० व्होल्टच्या आसपास, लोडवर ३८०. आत एक बूस्ट स्टेज आहे जी हे ३८० व्होल्ट वाढवून ६०० चा डीसी बस बनवते, अन् त्याच्यापुढे तीन फेजचा इन्व्हर्टर. बूस्टमध्ये एक आयजीबीटी (सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टरचा स्विच), एक डायोड, एक मोठा चोक (तारेची कॉइल), बस्स. स्विचिंग २० किलोहर्ट्झ. पूर्ण उन्हात सरासरी साडेसतरा अँपियर, चोकच्या रिपलमुळे (करंटच्या चढ-उतारामुळे) आयजीबीटी १४ अँपियरला चालू होतो अन् २१ ला बंद होतो. हे आकडे लक्षात ठेवा, पुढं सगळा हिशोब यावरच आहे.

पहिल्यांदा फेब्रुवारीत आलं तेव्हा बूस्टचा आयजीबीटी अन् डायोड दोन्ही शॉर्ट. मूळ डायोड सिलिकॉन कार्बाइडचा होता, अमरावतीत मिळाला नाही, नागपूरच्या दुकानदारानं आठ दिवस सांगितले. बागेला पाणी सोडायची वेळ, काका रोज फोन करत होते, म्हणून आम्ही १२०० व्होल्ट ३० अँपियरचा अल्ट्राफास्ट डायोड टाकला. डेटाशीटवर रिव्हर्स रिकव्हरी (डायोडला बंद व्हायला लागणारा वेळ) ७५ नॅनोसेकंद लिहिलेली, मला ती भरपूर फास्ट वाटली. पाच आठवडे चाललं. मग फक्त आयजीबीटी गेला, आम्ही तो बदलला, गेट रेझिस्टर अन् ड्रायव्हर आयसी बदलला, थर्मल पेस्ट नवीन लावली. बारा दिवस चाललं. अन् मग हे तिसऱ्यांदा.

दोन्ही वेळा ऊन चढल्यावर, दुपारी बारा ते दोनच्या मधात गेलं. म्हणजे गरम होऊन मरत होतं हे दिसत होतं. प्रश्न एवढाच की ही गरमी येते कुठून, अन् त्याचं उत्तर मिळवायचं तर आयजीबीटीवरचा व्होल्टेज अन् त्यातून जाणारा करंट एकाच वेळी स्कोपवर घेऊन दोघांचा गुणाकार करायचा, त्याचं क्षेत्रफळ म्हणजे एका स्विचिंगमध्ये जिरलेली ऊर्जा. गुणिले २० हजार, की वॅट आले.

आमच्याकडे रिगोलचा डीएस १०५४ झेड आहे, ५० मेगाहर्ट्झचा, व्होल्टेजसाठी १३०० व्होल्टचा डिफरन्शियल प्रोब (कोणतंही टोक अर्थला न जोडता दोन टोकांमधला फरक मोजणारा), अन् करंटसाठी एसी-डीसी क्लॅम्प, १०० अँपियरचा, बँडविड्थ १०० किलोहर्ट्झ. घेताना मी विचार केला होता की स्विचिंग २० किलोहर्ट्झ आहे, प्रोब १०० चा आहे, पाचपट झाला, अजून काय पाहिजे. (इथं थांबून एक गोष्ट: डिफरन्शियल प्रोब नसेल तर हे मोजमाप करू नका. साध्या प्रोबची ग्राउंड क्लिप डीसी बसला लावणं अन् त्यासाठी स्कोपच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडून "आयसोलेट" करणं मी बऱ्याच दुकानात पाहिलं आहे, अन् मग स्कोपच्या सगळ्या बॉडीवर ४००-६०० व्होल्ट उभे असतात. मशीन बंद केल्यावरही बसचे कॅपॅसिटर भरलेले राहतात, मीटरनं बघितल्याशिवाय हात घालायचा नाही.)

वावरातच मोजायचं ठरवलं, दुकानात ६०० व्होल्ट अन् खरा पंप कुठून आणणार. तोच अल्ट्राफास्ट डायोड अन् नवीन आयजीबीटी टाकून सकाळी साडेनऊला कडुनिंबाखाली टेबल मांडला, स्कोप गाडीच्या बॅटरीवरच्या छोट्या इन्व्हर्टरवर, अन् पंधरा-वीस मिनिटंच चालवायचं असं ठरवून सुरू केलं.

स्क्रीनवर करंट एकदम सुंदर आला. गोलसर कोपऱ्याचा, कुठं स्पाइक नाही, रिंगिंग नाही. गुणाकार लावला तर आयजीबीटी चालू होतानाचा लॉस जवळपास शून्य, अन् बंद होतानाचा? एका स्विचिंगला २० मिलीज्यूल. माझ्याकडचा पोट्टा लगेच म्हणाला, "दादा, टर्न-ऑफच गेलेला हाये, बंदच होत नाई तो लवकर, शेपटी पाहा ना केवढी आहे." मलाही पटलं. मग आम्ही दोन दिवस टर्न-ऑफ गेट रेझिस्टर कमी-जास्त करत बसलो, निगेटिव्ह गेट व्होल्टेज तपासला, ड्रायव्हरचा सप्लाय तपासला. काहीच फरक नाही, शेपटी तशीच्या तशी.

तिसऱ्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर तेच आकडे कागदावर मांडले अन् तेव्हा खटकलं. २० मिलीज्यूल गुणिले २० हजार म्हणजे ४०० वॅट. एका टीओ-२४७ पॅकेजात (आयजीबीटीचं तीन पायांचं कवच) ४०० वॅट जिरत असते तर तो हीटसिंकवर काही सेकंदच टिकला असता, अन् सकाळी तर वीस मिनिटं चालून हीटसिंक हाताला नुसता गरम लागत होता. म्हणजे स्कोप जे दाखवत होता ते खरं असूच शकत नव्हतं.

आता हिशोब असा. कोणत्याही प्रोबचा स्वतःचा राइज टाइम असतो, म्हणजे त्याला एकदम उडी मारणारा करंट दिला तरी त्याचा आउटपुट १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जायला जो वेळ घेतो तो. साधारण ०.३५ भागिले बँडविड्थ. १०० किलोहर्ट्झला हा वेळ येतो ३.५ मायक्रोसेकंद. अन् आमच्या आयजीबीटीचा करंट डेटाशीटप्रमाणे ३५-४० नॅनोसेकंदात वर जातो. म्हणजे प्रोब शंभरपट हळू. आयजीबीटी कधीचा चालू होऊन त्याचा व्होल्टेज खाली आलेला असतो तेव्हा प्रोबला कुठं करंट यायला लागल्याचं कळते, म्हणून गुणाकार शून्य. अन् बंद होताना करंट खरं तर संपलेला असतो, व्होल्टेज ६०० वर पोहोचलेला असतो, पण प्रोब अजून हळूहळू खाली उतरत असतो, तो ६०० व्होल्ट गुणिले खोटा करंट. त्या प्रोबचा टाइम कॉन्स्टंट १.६ मायक्रोसेकंद, ६०० गुणिले २१ गुणिले १.६ करून बघा, बरोबर २० मिलीज्यूल येतात. ती शेपटी आयजीबीटीची नव्हतीच, प्रोबची होती. आम्ही दोन दिवस प्रोबच्या शेपटीसाठी गेट रेझिस्टर बदलत होतो.

त्यातलं खरं शिकण्यासारखं हे आहे की स्विचिंग फ्रिक्वेन्सीकडे बघून प्रोब ठरवायचाच नाही. २० किलोहर्ट्झ म्हणजे दर ५० मायक्रोसेकंदाला एकदा घटना घडते एवढंच, ती घटना घडायला किती नॅनोसेकंद लागतात हे त्यातून कळत नाही. लॉस जिथं होतो तो कडेवर, म्हणजे चालू-बंद होतानाच्या चढ-उतारावर होतो, म्हणून कडेचा वेळ धरायचा. अन् बँडविड्थचा जो आकडा डब्यावर लिहिलेला असतो तिथं सिग्नल आधीच ७०.७ टक्क्यांवर आलेला असतो, साध्या एका पोलच्या प्रोबमध्ये फेज ४५ डिग्री मागं पडलेला असतो. दहाव्या भागाच्या फ्रिक्वेन्सीवर सुद्धा उंची अर्ध्या टक्क्यानंच चुकते पण फेज पावणेसहा डिग्री सरकतो, अन् पॉवरमध्ये तर फेजच खेळ करतो.

नियम म्हणून आम्ही आता हा धरतो: मोजायच्या कडेपेक्षा प्रोब किमान तीनपट फास्ट पाहिजे, मग राइज टाइम पाच टक्क्यांच्या आसपास चुकतो, पाचपट असला तर दोन टक्के. आमची कड ३५ नॅनोसेकंदाची, तीनपट म्हणजे १२ नॅनोसेकंद, म्हणजे ३० मेगाहर्ट्झच्या खाली जायचंच नाही. स्कोपही त्याच हिशोबात येतो, आमचा ५० मेगाहर्ट्झचा म्हणजे ७ नॅनोसेकंद, प्रोब ५० चा घेतला तर तोही ७, दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की १० नॅनोसेकंद. चालते. अन् हो, स्कोपच्या चॅनल मेन्यूत २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ लिमिट असते ती बंद आहे का बघा, सिग्नलमधला कचरा (नॉइज) कमी करायला कुणीतरी लावून ठेवलेली असते अन् मग प्रोब कितीही महाग घ्या, उपयोग नाही.

पोट्ट्यानं सुचवलं की कायले प्रोबवर पैसे घालायचे, १० मिलीओहमचा शंट रेझिस्टर टाकू अन् त्याच्यावरचा व्होल्टेज पाहू. विचार वाईट नव्हता, कमी फ्रिक्वेन्सीला शंटसारखं स्वस्त अन् सरळ काही नाही. पण साध्या शंटच्या अंगात ५ नॅनोहेन्रीचं इंडक्टन्स तरी असतेच. १४ अँपियरला १० मिलीओहमवर येतात ०.१४ व्होल्ट, अन् करंट ४०० अँपियर प्रति मायक्रोसेकंद वेगानं चढत असताना त्या ५ नॅनोहेन्रीवर येतात २ व्होल्ट. म्हणजे जे मोजायचं त्याच्या चौदापट कचरा. असा शंट सव्वातीनशे किलोहर्ट्झच्या पुढं रेझिस्टर राहतच नाही. कोॲक्शियल शंट नावाचा प्रकार असतो, त्यात इंडक्टन्स जवळपास रद्द होते अन् बँडविड्थ शेकडो मेगाहर्ट्झ मिळते, पण तो आयसोलेटेड नसतो अन् बोर्ड कापून बसवावा लागतो, शेतकऱ्याच्या चालत्या मशीनमध्ये मला ते पटलं नाही.

रोगोव्स्की कॉइलचा विचार केला, अन् आजही मला वाटते की ज्याला फक्त स्विचिंगच पाहायचं आहे त्याच्यासाठी तोच सगळ्यात सोयीचा. बारीक दोरीसारखी कॉइल टीओ-२४७ च्या पायामधून ओवता येते, लोखंड नाही म्हणून सॅच्युरेट होत नाही (चुंबकत्वानं भरून जात नाही), पीईएम कंपनीच्या मिनी कॉइल ३० ते ५० मेगाहर्ट्झपर्यंत जातात. तोटा हा की डीसी दिसत नाही, आमचा सरासरी साडेसतरा अँपियर तो गिळून टाकणार. स्विचच्या पायात लावला तर त्यावर एक उपाय आहे, आयजीबीटी बंद असताना करंट शून्यच असतो, ती रेषा शून्य धरून बाकी वाचायचं. पण जवळपास कुणाकडे कॉइल नव्हती.

अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ओळखीचे सर आहेत, त्यांना फोन केला. त्यांच्या लॅबमध्ये दोन क्लॅम्प होते, एक २.५ मेगाहर्ट्झ १०० अँपियर पीकचा, एक ५० मेगाहर्ट्झ ३० अँपियरचा. म्हणाले, "दोन्ही लावून बघा, एकच घेऊन जाल तर मनात शंका राहील." रविवार होता म्हणून ते स्वतःच आले, काकांनी आंब्याचं पन्हं दिलं, अन् पुन्हा कडुनिंबाखाली टेबल.

३० अँपियरचा ५० मेगाहर्ट्झला अन् १०० चा २.५ लाच का, हा प्रश्न पोट्ट्यानं त्यांना विचारला. या प्रोबमध्ये एक कोअर असतो, डीसी अन् कमी फ्रिक्वेन्सी हॉल एलिमेंट बघतो, अन् वरची फ्रिक्वेन्सी त्याच कोअरवरची वाइंडिंग ट्रान्सफॉर्मरसारखी बघते. जास्त करंटला सॅच्युरेट न होण्यासाठी कोअर मोठा, वाइंडिंगचे वेढे जास्त, म्हणून बँडविड्थ उतरते. हिओकी कंपनीची यादी बघितली तर हे सरळ दिसते: ३० अँपियरला ५० अन् १०० मेगाहर्ट्झ, १५० अँपियरला १०, ५०० अँपियरला २. म्हणजे "मोठा घेऊन ठेवू, सगळ्याला चालेल" हा आपला नेहमीचा हिशोब इथं उलटा पडतो. अजून एक, डब्यावरचे ३० अँपियर हे डीसी अन् कमी फ्रिक्वेन्सीचे, फ्रिक्वेन्सी वाढत गेली की सतत वाहू देता येणारा करंट कमी होत जातो कारण कोअर तापतो. मॅन्युअलमध्ये त्याचा ग्राफ असतो, तो बघितल्याशिवाय तासभर लावून ठेवायचा नाही.

लावायचा कुठं, यात अर्धा तास गेला. क्लॅम्पमध्ये तार घालायची तर एक लूप काढावाच लागतो, अन् तारेच्या दर सेंटीमीटरला ८-१० नॅनोहेन्री धरा. दहा सेंटीमीटरचा लूप काढला असता तर १०० नॅनोहेन्री, ४०० अँपियर प्रति मायक्रोसेकंदाला ४० व्होल्ट, म्हणजे जे मोजायला आलो तेच बदलून टाकलं असतं. कलेक्टरच्या बाजूला लावला तर तो पाय ६०० व्होल्ट वर-खाली उड्या मारतो अन् त्याचा कचरा कॅपॅसिटन्समधून प्रोबमध्ये शिरतो. म्हणून एमिटरच्या बाजूला, पण गेट ड्रायव्हरची परतीची तार जिथं जोडली त्याच्या पुढं, नाहीतर लूपचं इंडक्टन्स गेटच्या सर्किटमध्ये येते अन् आयजीबीटी हळू स्विच व्हायला लागतो. ट्रॅक कापून पाच सेंटीमीटरची जाड तार, त्यापेक्षा कमीत प्रोबचा जबडा बसत नव्हता.

मग डीस्क्यू. व्होल्टेजचा प्रोब अन् करंटचा प्रोब, दोघांच्या तारा अन् दोघांच्या आतलं सर्किट वेगळं, सिग्नल वेगवेगळ्या वेळेला पोहोचतात. सरांनी एक छोटा बोर्ड आणला होता, ३० व्होल्ट, एक फास्ट मॉसफेट अन् समांतर जोडलेले कार्बनचे रेझिस्टर. रेझिस्टरमध्ये व्होल्टेज अन् करंट एकाच क्षणी चढले पाहिजेत. आमच्यात करंट १४ नॅनोसेकंद मागं होता. ऐकायला काहीच नाही, पण ६०० व्होल्ट गुणिले १४ अँपियर गुणिले १४ नॅनोसेकंद म्हणजे जवळपास १२० मायक्रोज्यूल, अन् चांगल्या डायोडसोबतचा सगळा टर्न-ऑन लॉसच ४०० चा असतो. तीस टक्के चूक नुसत्या तारेच्या लांबीतून. त्यात फसवणूक अशी की करंट मागं असला तर टर्न-ऑन कमी दिसतो अन् टर्न-ऑफ जास्त, दोघांची बेरीज केली की थोडंफार जुळून येते अन् आपल्याला वाटते सगळं बरोबर आहे. स्कोपमध्ये चॅनलला डिले-कॅल असते, तिथं १४ टाकले.

प्रोब डीगॉस करून (कोअरमध्ये उरलेलं चुंबकत्व काढून) शून्यावर आणला, अन् हे दर दहा मिनिटांनी केलं कारण ऊन्हात हॉलचा शून्य सरकतो. ०.२ अँपियर जरी सरकला अन् आयजीबीटी बंद असताना त्यावर ६०० व्होल्ट उभे असतात, तर तेवढ्या वेळात १२० वॅटचा, म्हणजे पूर्ण सायकलवर सरासरी पाऊणशे वॅटचा खोटा लॉस तिथंच तयार. म्हणून पूर्ण सायकलवर सरासरी काढायची नाही, फक्त कडेच्या त्या अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या खिडकीतच क्षेत्रफळ घ्यायचं. चालू असतानाचा कंडक्शन लॉस या पद्धतीनं मोजताच येत नाही, ८ बिटचा स्कोप, ८०० व्होल्टची स्क्रीन, एक पायरीच ३ व्होल्टच्या वर, अन् आयजीबीटीवर पडतात दोनच्या आत. तो डेटाशीटवरून काढला, १.८ गुणिले साडेसतरा गुणिले ड्यूटी (आयजीबीटी चालू असतो तो वेळेचा हिस्सा) ०.३७, साडेअकरा-बारा वॅट.

अन् मग ५० मेगाहर्ट्झच्या प्रोबवर तो दिसला. आयजीबीटी चालू होताना करंट १४ वर थांबतच नव्हता, सरळ ३४ अँपियरपर्यंत उडी, अन् मग शंभरेक नॅनोसेकंदात परत खाली. २० अँपियर जास्तीचे, अन् तेवढा वेळ व्होल्टेज पूर्ण ६०० वर. पोट्टा काही बोललाच नाही, स्क्रीनकडे बघत राहिला. २.५ मेगाहर्ट्झचा प्रोब लावला तर तिथं फक्त एक टेकडी होती, २१-२२ अँपियरची, उशिरा आलेली. आमचा १०० किलोहर्ट्झचा लावला तर काहीच नाही, तीच गोल कोपऱ्याची साफ रेषा. हिशोबही तेच सांगतो: त्या स्पाइकमध्ये एक मायक्रोकूलंबच्या आसपास चार्ज, १.६ मायक्रोसेकंदाच्या टाइम कॉन्स्टंटवर पसरला की ०.६ अँपियरचा फुगवटा, जो जाड रेषेत दिसणारच नाही.

हा स्पाइक म्हणजे डायोडची रिव्हर्स रिकव्हरी. आयजीबीटी चालू झाला की डायोडनं लगेच बंद व्हायला पाहिजे, पण सिलिकॉनच्या पीएन डायोडमध्ये साठलेला चार्ज निघेपर्यंत तो उलटा वाहतो, अन् तो सगळा करंट आयजीबीटीच्या अंगावर येतो. डेटाशीटचे ७५ नॅनोसेकंद खोटे नाहीत, पण खालच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असते की १ अँपियरला, २५ डिग्रीला मोजले. आमच्याकडे १४ अँपियर, ४०० अँपियर प्रति मायक्रोसेकंद, अन् डायोड शंभर डिग्रीच्या वर. गरम झाला की चार्ज अजून वाढतो, म्हणून दुपारीच मरत होतं. सिलिकॉन कार्बाइड शॉटकीत असा चार्ज साठतच नाही, थोडासा कॅपॅसिटन्सचा तेवढा असतो. म्हणजे फेब्रुवारीत जो डायोड मी घाईत टाकला, तोच पुढचे दोन आयजीबीटी खाऊन गेला होता.

मोजलेले आकडे: अल्ट्राफास्ट डायोडसोबत टर्न-ऑन १.३ मिलीज्यूल, टर्न-ऑफ ०.७. वॅटमध्ये २६ अन् १४, कंडक्शनचे १२, एकूण ५२. नागपूरहून दोन सिलिकॉन कार्बाइड डायोड मागवले, पाच दिवसांनी आले, तेच सेटिंग, तोच प्रोब, टर्न-ऑन ०.४ मिलीज्यूल म्हणजे ८ वॅट. एकूण ३४. चिपपासून हवेपर्यंतचा थर्मल रेझिस्टन्स आम्ही २.१ डिग्री प्रति वॅट धरला होता, हीटसिंकच्या मागं डब्याजवळची हवा दुपारी ५२ डिग्री. आधी ५२ अधिक १०९ म्हणजे १६१, अन् या आयजीबीटीची मर्यादा १५०. आता १२३. हीटसिंक हाताला सुद्धा उतरलेला कळत होता, मोजला तर ११ डिग्रीचा फरक.

आता प्रोब कोणता घ्यायचा. हे मी जरा जोर देऊन सांगतो, कारण वाचून कुणी घाईत दीड-दोन लाखाचं कोटेशन मागवू नये. पॅनलकडून किती वॅट येतात हे पाहायला साधा डीसी क्लॅम्प मीटर पुरते. पंपाला जाणारा करंट, फेज असमतोल, मोटर जाम आहे का, यासाठी आमचा १०० किलोहर्ट्झचा क्लॅम्प उत्तम आहे, मोटरमध्ये खरं काम ५० हर्ट्झच्या आसपासचा करंटच करतो अन् मी तो रोज वापरतो. चोकचा रिपल, चोक सॅच्युरेट होतो का, हे बघायला २.५ मेगाहर्ट्झचा पुरून उरतो, अन् आम्हाला तो पंचवीस हजाराच्या आसपास पडला. फक्त स्विचिंग लॉस अन् डायोडची रिकव्हरी हे असं काम आहे ज्याला आयजीबीटी असेल तर ५० मेगाहर्ट्झ लागतोच, अन् सिलिकॉन कार्बाइड मॉसफेटवाली मशीनं आली, ज्यांची कड १०-१५ नॅनोसेकंदाची असते, तर १०० चा प्रोब अन् त्याहून मोठा स्कोप. ५० मेगाहर्ट्झचा हा स्कोप तिथं गळा आवळेल.

आम्ही शेवटी २.५ चा नवीन घेतला अन् ५० चा जुना एक मिळतो का ते शोधलं. जुना घेताना दोन ठिकाणी फसता फसता वाचलो. एक होता टेकट्रॉनिक्सचा, भाव चांगला, पण त्याचं कनेक्टर टेकव्हीपीआय, त्यांच्याच स्कोपवर बसते. दुसऱ्याला वेगळा ॲम्प्लिफायर अन् ५० ओहमचं टर्मिनेशन लागत होतं, आमच्या स्कोपला आतलं ५० ओहम नाही, फीड-थ्रू टर्मिनेटर विसरला तर रीडिंग दुप्पट येते. तिसरा हिओकीचा, १ मेगाओहमवर सरळ चालणारा, ०.१ व्होल्ट प्रति अँपियर, फक्त त्याला वेगळा पॉवर सप्लाय लागतो तो सोबत मागून घेतला. घेण्याआधी अमरावतीला नेऊन सरांच्या प्रोबसोबत एकाच तारेवर लावला, दोघांची रेषा एकमेकांवर बसली, मग पैसे दिले.

काकांचं मशीन एप्रिलच्या शेवटी बसवलं. मे महिन्यात पारा ४५ वर गेला तेव्हा दर दोन दिवसांनी मीच फोन करत होतो, काका म्हणायचे, "चालू हाये भाऊ, तू कायले जीव टांगणीले लावतं." जूनच्या पहिल्या पावसापर्यंत चाललं, बागेत फळ टिकलं. फेब्रुवारीपासून आम्ही असे अल्ट्राफास्ट डायोड अजून चार मशीनमध्ये टाकले होते. रजिस्टर काढून त्या चौघांना फोन केले, तीन आणून डायोड बदलून दिले, पैसे घेतले नाहीत. चौथ्याचा कंट्रोलर मोर्शीकडे आहे, तो या आठवड्यात आणतो म्हणाला.